कन्हानच्या वळणावरची वाघनखी

दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यात मला माझ्या जागेवरून उचललं. मित्रांनो, माझं आयुष्य फार लांबलचक आहे, पण त्यातलं साल सांगता येईल अशी ही पहिलीच गोष्ट. त्याआधीचं बरंचसं, सालं मोजणारा माणूस जन्मण्याच्याही आधी घडून गेलं.

मी कन्हान नदीकाठची शिळा आहे. बसलेल्या म्हशीएवढी असेन. नागपूरहून कामठी, कामठीहून कन्हान, आणि तिथून नदीच्या वरच्या अंगाला शेअर ऑटोनं थोडं गेलं की डोहटोली नावाचं लहानसं गाव लागतं. गावाशी येऊन नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या बाहेरच्या काठाला, अगदी पायथ्याशी, पाण्यात अर्धी बुडून मी बसलेली असते. माझ्या एका गालावर लांबच लांब, एकमेकांना धरून गेलेले ओरखडे आहेत. डोहटोलीच्या बाया लेकरांना सांगायच्या, की फार पूर्वी इथे वाघीण पाण्याला यायची आणि या दगडावर नखं घासायची. म्हणून माझं नाव पडलं वाघनखी. नाव चांगलं होतं. गोष्ट खरी नव्हती. पण मला कोण विचारतो, आणि मी तरी कशी सांगणार?

आता सांगते. थकले आहे, तेव्हा थांबत थांबत सांगेन.

माझा जन्म एका उंच डोंगराच्या कड्यात झाला. तेव्हा ही सगळी जमीन पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ होती. ती सरकत सरकत इथवर आली, ती फार नंतर. त्या काळी आकाशातून बर्फ पडायचा आणि वितळायचा नाही. नागपूरच्या लेकरांना बर्फ माहीत आहे तो गोळेवाल्याच्या हातगाडीवरचा, तोंडात घातला की संपणारा. तो बर्फ तसा नव्हता. एकावर एक थर साचून त्याचे डोंगर झाले आणि त्या ओझ्यानं तो बुडाशी सरकू लागला. अशा सरकणाऱ्या बर्फाला हिमनदी म्हणतात. ती इतकी हळू चालायची की चालते आहे हे कळूही नये.

माझ्या कड्याला भेगा होत्या. भेगेत पाणी शिरायचं, गोठायचं, आणि गोठलं की फुगायचं. फ्रीजरमध्ये भरलेली बाटली विसरली तर ती कशी तडकते? तशी एक दिवस मी कड्यापासून सुटले. हिमनदीनं मला पोटाखाली घेतलं आणि ओढत नेलं.

त्या प्रवासाची आठवण आजही नकोशी वाटते. वर डोंगराएवढं ओझं, खाली खडक, आणि मधे मी. पाट्यावर वरवंटा फिरावा तशी मी त्या खडकावरून घासत गेले. खडकातल्या टोकदार खड्यांनी माझ्या गालावर रेघा मारल्या आणि मी खडकावर. वाघिणीची नखं म्हणतात ती ही. अशा हजारो दगडांना हाताशी धरून बर्फानं दऱ्या कोरल्या. त्याच्या दऱ्या घमेल्यासारख्या असायच्या, बूड रुंद आणि कडा उभ्या. पाण्याची रीत निराळी. डोंगरातली लहान नदी विळ्यानं चिरल्यासारखी खोल आणि निमुळती दरी पाडते. दरीकडे बघितलं की तिथे बर्फ राबला की पाणी, हे ओळखू येतं.

मग हवा उबदार झाली. बर्फ मागे हटला आणि मला चिखलात सोडून गेला. माझ्या शेजारी डोक्याएवढे गोटे, मुठीएवढे खडे, पिठासारखी माती, सगळं एकत्र पडलं होतं. बर्फाला निवडण्याची सवय नसते. जे उचललं ते तसंच टाकून जातो. पाणी मात्र घरातल्या बाईसारखं निवडतं, पाखडतं. वेग कमी झाला की जड आधी खाली ठेवतं, मग वाळू, आणि गाळ शेवटी, जिथे ते अगदी दमून संथ होतं तिथे.

त्या चिखलात मी गाडली गेले. माझ्यावर थर चढत गेले. कधीतरी वर मोठी जंगलं उगवली आणि तीही गाडली गेली. कामठीच्या आसपासच्या खाणींतून कोळसा निघतो ना, तो त्या जंगलांचा. मी अंधारात पडून होते. किती काळ, ते विचारू नका. तीस कोटी वर्षं असा आकडा तोंडानं म्हणता येतो, पण तो भोगणाऱ्याला त्याचा काही अर्थ लागत नाही.

मला बाहेर काढलं ते कन्हाननं. ती सातपुड्यातून उतरते. उतरताना जे मऊ असेल ते खाते आणि कठीण असेल ते वळसा घालून सोडते. माझ्याभोवतीचा थर तिनं चाटून चाटून नेला आणि एका पुरात मी मोकळी झाले. उजेड दिसला तेव्हा मला वाटलं, आता सुटले. पण पुढे पुरामागून पूर मला गडगडवत राहिले. माझे कोपरे झिजले, पाठ गुळगुळीत झाली. गालावरचे ओरखडे तेवढे राहिले, कारण डोहटोलीच्या वळणाशी आले तेव्हा तो गाल, वरचा थोडा भाग सोडून, काठाच्या मातीत रुतला आणि पाण्याला तिथवर पोचता आलं नाही.

त्या वळणावर मी थांबले ते थांबलेच. वळणाचं एक गुपित असतं, मित्रांनो. पाणी वळताना बाहेरच्या काठावर जोरानं आपटतं आणि त्याचा पायथा पोखरतं. आतल्या काठाशी ते सुस्तावतं आणि तिथे वाळू टाकतं. एका काठाचं पोट खपाटीला जातं, दुसऱ्याचं सुटतं. मी बाहेरच्या काठाच्या पायथ्याशी होते. पाणी यायचं, माझ्यावर आदळायचं आणि मधल्या धारेकडे वळायचं. माझ्या पाठीमागे लहान गोटे साठले. वरच्या जांभळीनं मुळ्या खाली सोडून मला आणि त्या गोट्यांना कवटाळलं. काठ टिकला. मी यात काही पराक्रम केला नाही. मी फक्त तिथे होते.

टिकलेल्या काठावर माणसं आली आणि घरं बांधून राहिली. गावातल्या बायांना धुण्यासाठी माझी गुळगुळीत पाठ सापडली. त्यांनी एक रीत पाडली. गावात नवी सून आली की तिनं आधी माझी ओटी भरायची आणि मग सासूचं लुगडं माझ्यावर धुवायचं. म्हाताऱ्या बाया काठावर बसून बघायच्या आणि तिची फिरकी घ्यायच्या.

पंचफुला सून होऊन आली तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. अंगानं काटकुळी, पण हाताला भलता जोर. तिनं सासूचं लुगडं पिळून असं काही आपटलं की पाणी काठावरच्या बायांच्या तोंडावर उडालं.

"असं आपटू नको वं," एक म्हातारी म्हणाली, "सासू आतच आहे समज."

"तेच समजून आपटून राहिली," पंचफुला म्हणाली.

बाया हसून हसून लोळल्या. सासूही हसली, असं नंतर कळलं.

त्याच वर्षी शेजारच्या घरात सिंधूताई सून होऊन आली. त्यांचं घर बुद्धाला मानणारं. ती धुणं घेऊन आली आणि ओटी न भरता संकोचून उभी राहिली. "आमच्यात दगडाले हात जोडत नाई," ती हळूच म्हणाली.

"नको जोडू," पंचफुला म्हणाली. "बस तिच्यावर. जागा लय आहे."

तेव्हापासून त्या दोघी माझ्या दोन टोकांना बसून धुत आल्या. लेकरांची दुपटी, नवऱ्यांची धोतरं, बाळंतपणाच्या वाकळी, आणि पुढे एकेक करून दोघींच्या नवऱ्यांची शेवटची पांघरुणंही माझ्यावर धुतली गेली. माझे ते दिवस चांगले होते. सकाळी उन्हाआधी बांगड्यांचा आवाज यायचा आणि दुपारपर्यंत माझी पाठ ओली असायची.

मग गावात नळ आला. मागोमाग धुण्याची यंत्रं आली. घाट सुना पडला. माझ्यावर शेवाळ धरलं. वाकळ यंत्रात मावत नाही म्हणून कधीमधी पंचफुला यायची आणि तिच्यासाठी सिंधूताई. दोघींचे गुडघे गेले होते. एकमेकींचा हात धरून त्या काठ उतरायच्या आणि धुण्यापेक्षा गप्पा जास्त मारायच्या.

तो दोन हजार बावीसचा उन्हाळा. पंचफुलाचा मुलगा जितेंद्र नागपुरात प्रताप नगरला राहतो. त्याची मुलगी दामिनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती आणि सुटीत आजीकडे आली होती. पाणी खूप उतरलं होतं, काठाची माती वाळून माझ्या गालापासून सुटली होती. आजी वाकळ धूत असताना दामिनीनं ती माती हातानं बाजूला केली. मग ओढणीनं गाल पुसला. मग तिनं ओरखड्यांवरून बोट फिरवलं, एकदा खालून वर, एकदा वरून खाली, आणि तिथेच पाण्यात बसली.

"आजी, हे वाघिणीचं नाई. बर्फाचं आहे."

"उन्हानं डोस्कं फिरलं काय वं तुयं?" पंचफुला म्हणाली. "नागपुरात बर्फ?"

दामिनीनं सगळं सांगितलं. हिमनदी, घासत नेलेले दगड, गाडले जाणं. आजी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे ही माया सासूपेक्षाही म्हातारी."

"लय म्हातारी, आजी."

"मंग सासूसारखी खडूस नाई निघाली, हे नशीब."

मित्रांनो, इतक्या काळानंतर कोणीतरी माझा गाल बरोबर वाचला होता. मला फार बरं वाटलं. आणि त्या बऱ्या वाटण्यातूनच पुढचं सगळं झालं.

त्याच आठवड्यात गावात बातमी आली, की यंदा या घाटातली वाळू काढणार आहेत आणि ट्रक उतरायला काठावर रस्ता पाडणार आहेत. मधे येईल तो दगड मशीननं फोडतील. पंचफुला रुपरावाकडे गेली. रुपराव म्हणजे गावातला पुढाकार घेणारा माणूस. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, आवाज मोठा होता, आणि कोणाचं काम अडलं तर तो जेवणावरून उठायचा.

"वाघनखीले फोडू देऊ नका, गा," पंचफुला म्हणाली. "तिले वर आना."

"वर म्हंजे कुठं?"

"चावडीपाशी. निंबाखाली. माये डोळे मिटेपर्यंत मले दिसली पाह्यजे."

दामिनीही म्हणाली, की असा दगड दुर्मीळ आहे, तो जपला पाहिजे. रुपरावानं मान हलवली. सिंधूताईनं घरातून सगळ्यांसाठी चहा आणला. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. ज्या मुलीला माझ्या गालावरचं वाचता आलं, तिनंही माझ्या पाठीमागे काय आहे हे बघितलं नाही. मी दगड म्हणून काय आहे, हे सगळ्यांना कळलं होतं. मी तिथे काय करते, हे कोणी विचारलंच नाही.

कामठीहून पुढे सोंड असलेली क्रेनगाडी आली. माझ्याभोवती साखळ्या घातल्या. जांभळीच्या मुळ्या मला सोडत नव्हत्या, त्या कुऱ्हाडीनं तोडल्या. मला उचललं तेव्हा खालून पाण्याचा एक लहानसा लोट आत शिरला आणि काठाला लागला. मला तो दिसला. बाकी सगळे वर माझ्याकडे बघत होते. माझ्यामागचे गोटेही त्यांनी वेचून नेले आणि त्यांचा ओटा बांधून त्यावर मला बसवलं.

आणि काय झालं ठाऊक आहे? वाळूचे ट्रक आलेच नाहीत. त्या घाटाचं काम कुठेतरी अडलं आणि रद्द झालं. लोक म्हणाले, वाघनखी मायनं ट्रक परत धाडले. तोवर मी माय झाले होते. कोणीतरी कुंकू लावलं, कोणीतरी शेंदूर. रुपरावानं स्वतःच्या खर्चानं वर टिनाचं छप्पर घातलं. दामिनीनं रंगवून लावलेली माहितीची पाटी आधी नारळांमागे गेली, मग पडली. गालावरच्या ओरखड्यांत शेंदूर भरला आणि ते दिसेनासे झाले.

मला मान मिळाला, हे मी नाकारत नाही. पण निंबाखालून मला नदी दिसायची, आणि मी बाकी काही बघू शकत नव्हते.

पहिल्याच पावसाळ्यात पाणी वळणावर आलं आणि त्याला अडवायला कोणी नव्हतं. ते थेट काठावर गेलं. पाणी काठ वरून खात नाही, पायथ्यापासून खातं. खाली पोकळी झाली की वरची माती काही दिवस छज्ज्यासारखी तरंगते. वर गवत हिरवं असतं, कोंबड्या फिरत असतात. मग एक चीर पडते आणि ढपली कोसळते. तसं करत करत जांभळ गेली. पुढे पंचफुलाचा गोठा गेला. लोक म्हणाले, यंदा पाणी जास्तीचं होतं. पाणी नेहमीसारखंच होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात, भर दुपारी, पंचफुलाच्या घराची मागची भिंत तडकली. पंचफुला आत चुलीपाशी होती. सिंधूताई शेजारून धावत आली.

"चाल वं बाहेर. भिंत बोलून राहिली."

"दूध उतू जाईल."

"जाऊ दे ना मंग. चाल."

सिंधूताईनं तिला दंडाला धरून ओढलं. दोघी अंगणातून रस्त्यावर आल्या, वळून उभ्या राहिल्या, आणि घर बसलं. मोठा आवाजही झाला नाही. साखर चहात बसावी तसं ते खाली बसत गेलं, आणि कन्हान गढूळ झाली. पंचफुला रडली नाही. बराच वेळ ती हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "दूध गेलंच शेवटी."

जितेंद्र आला आणि आईला प्रताप नगरला घेऊन गेला. आता काठावर पुढचं घर सिंधूताईचं होतं. चीर तिच्या अंगणापर्यंत आली होती. आणखी एक पावसाळा, फार तर दोन.

दामिनी कोसळलेल्या काठावर आली. मी जिथे बसायचे त्या जागेकडे ती बघत उभी राहिली, मग वळण जिथून सुरू होतं तिकडे बघितलं, मग परत त्या जागेकडे. हळूहळू चढून ती चावडीपाशी आली आणि माझ्या ओट्याच्या कडेला बसली. तिथून ती रुपरावाकडे गेली आणि म्हणाली, काका, शिळा परत खाली बसवली पाहिजे, तीच पाणी वळवत होती.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुयं?" रुपराव म्हणाला. "बसवलेली माय आहे ते. लोक नवस बोलून राहिले. तिले उचलून पाण्यात टाकू? उद्या गावाले काही झालं तर कोन तोंड देईल?"

दामिनीनं नदीचं गणित पुन्हा समजावून सांगितलं. रुपरावाला गणित कळलं होतं. अडचण गणिताची नव्हतीच.

दामिनी सिंधूताईकडे गेली. "तुम्ही बोला ना, आजी. घर तुमचं आहे."

सिंधूताई तांदूळ निवडत होती. "मी बोलली तर म्हणतील, स्वतःच्या घरासाठी देव उठवून राहिली. आमच्या घरचं बोलणं गावाले वेगळंच ऐकू येते, पोरी." तिनं एक खडा वेचून बाजूला ठेवला. "राहू दे. नदीले पटेल तसं."

हे मी ऐकलं, आणि इतकी थकले की तसं हिमनदीच्या पोटाखालीही वाटलं नव्हतं. मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोलले असते.

नवरात्र आलं. माझ्यासमोर घट बसवला. मातीत गहू पेरले, ते उगवले. शेवटच्या दिवशी घट नदीवर न्यायची तयारी चालू असताना प्रताप नगरहून पंचफुला आली. दामिनीच्या खांद्यावर हात ठेवून ती ओटा चढली आणि माझ्याशेजारी बसली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग रुपरावाला हाक मारली.

"रुपराव, घट बसवला ना?"

"हाव, काकू."

"मंग आता शिरवा लागते का नाई?"

आमच्याकडे देव पाण्यात सोडण्याला शिरवणं म्हणतात. रुपराव म्हणाला, "हे काय विचारणं झालं? शिरवा तर लागतेच."

"गणपती आनतो, तो शिरवतो. पोरी भुलाबाई बसवतात, ते शिरवतात. घट शिरवतो. आनलेला देव घरी ठेवून घेते काय कोनी?" ती थांबली. दम लागला होता. "अन् हिले आपून वर आनलं, तिले दीड वर्ष झालं. तिचं घर खाली आहे. पाहुनीले किती दिवस बसवून ठेवसान, गा?"

चावडीपाशी लोक जमले होते. रुपराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"घर तर तुमचं गेलंच, काकू," तो हळू आवाजात म्हणाला. "आता कोनासाठी?"

"सिंधूचं आहे अजून."

सिंधूताई गर्दीच्या मागे उभी होती. तिनं मान खाली घातली.

"अन् मी एवढं टिनाचं छप्पर घातलं त्याचं?" रुपराव म्हणाला.

"त्याच्याखाली तुमचा ट्रॅक्टर ठेवा. तोही बिचारा उन्हात उभा राहते."

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग दुसरं. रुपरावही हसायचं नाही असं ठरवून हसला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पन वाजतगाजत. चोरासारखं नाई."

तसं झालं. घट शिरवले आणि मग, पाणी आणखी उतरल्यावर, क्रेनगाडी पुन्हा आली. डफ वाजत होते. बायांनी माझी ओटी भरली. त्याआधी त्यांनी माझ्या गालावरचा शेंदूर धुऊन काढला आणि ओरखड्यांना पुन्हा हवा लागली. पाण्याचं तोंड कुठे आणि माझं नाक कुठे, हे दामिनीनं उभं राहून दाखवलं. मला खाली ठेवलं तेव्हा कन्हानची धार माझ्यावर आदळली आणि मधल्या प्रवाहाकडे वळली. मित्रांनो, ते दुखतं. तरीही माझी जागा तीच.

माझ्यामागे दगड हवे होते. ओट्याचे गोटे परत आणले, ते पुरले नाहीत. रुपरावानं विचारलं, आणखी कुठून आणायचे? पंचफुला काठावर खुर्ची टाकून बसली होती. तिनं हात केला. तिच्या पडलेल्या घराच्या पायाचे दगड तिथेच मातीत उघडे पडले होते.

"ते न्या," ती म्हणाली.

जितेंद्र म्हणाला, "आई, राहू दे ना. आपली तेवढीच खूण राहिली."

"खूण ठेवून काय करू? न्या."

माणसांनी ओळ करून ते दगड हातोहात खाली दिले. सिंधूताई ओळीच्या शेवटी पाण्यात उभी होती. हातात येणारा प्रत्येक दगड ती माझ्यामागे नीट बसवत होती, चुलीवर भांडं ठेवावं तसा.

पुढचं थोडंच आहे. सिंधूताईचं घर अजून उभं आहे. तिच्या अंगणातली चीर मातीनं भरून तिनं तिथे नवी जांभूळ लावली. तिची मुळी एक दिवस माझ्यापर्यंत येईल. रुपराव आता फारसा मोठ्यानं बोलत नाही. त्याचा ट्रॅक्टर खरंच त्या छपराखाली उभा असतो. जितेंद्रनं गावातली बाकी जागा विकली नाही, तिथे कडुनिंब वाढू दिले. दामिनी कॉलेजात शिकवते. दर वर्षी मुलांना घेऊन येते आणि त्यांना गाल दाखवण्याआधी माझ्या पाठीमागे उभं करते.

मी झिजते आहे. पाणी माझ्या पाठीवरून रोज थोडंथोडं नेतं आणि पुढे कुठेतरी वाळू म्हणून ठेवतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बर्फानं आणि पाण्यानं डोंगर खाल्ले, तिथे मी कोण? तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो, की एखादी वस्तू जपायची असली तर ती उचलण्याआधी तिच्या मागे काय टेकलेलं आहे ते एकदा वाकून बघा. आणि म्हाताऱ्या माणसांना, म्हाताऱ्या दगडांना त्यांच्या जागी बसू द्या.

पंचफुला गेल्या हिवाळ्यात प्रताप नगरात वारली. तेरवी झाल्यावर दामिनी एकटी डोहटोलीला आली. पिशवीतून तिनं आजीचं लुगडं काढलं आणि माझ्यावर पसरलं. तिला हातानं धुणं कधी जमलं नव्हतं. साबण लावताना दोनदा हातातून सुटला. मग तिनं लुगडं पिळलं, उचललं आणि जोरात आपटलं. पाणी काठावर बसलेल्या सिंधूताईच्या तोंडावर उडालं.

सिंधूताईनं पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"असं आपटू नको वं," ती म्हणाली. "आजी आतच आहे समज."